नागपूरहून शिकागो किती लांब? अंतर आणि उड्डाणाचा वेळ घरच्या घरी कसा काढायचा

तिकिटावर छापलेलं असतं: नागपूर पहाटे ४, दोहा पहाटे पावणेसहा. समोर बसलेले काका बोटांवर मोजतात आणि म्हणतात, "पावणेदोन तास? मुंबईले दीड लागते जी, अन् कतारले पावणेदोन?" मग पुढचं पान उलटतात. दोह्याहून सकाळी ८ ला निघून शिकागोला दुपारी अडीचला. साडेसहा तास! काका खूश. पोरगी इतकी जवळ राहते हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

धरमपेठेतल्या तिकिटांच्या काउंटरवर हेच समजावून सांगण्यात माझी अनेक वर्षं गेली, तेव्हा आता लिहूनच ठेवते. यात प्रश्न चार आहेत. दोन विमानतळांमधलं अंतर किती, विमान हवेत किती वेळ असतं, तिकिटावर किती वेळ धरलेला असतो आणि तुमच्या दारापासून पोरीच्या दारापर्यंत एकूण किती. लोक चारही एका दमात विचारतात, पण उत्तरं एकेक करूनच काढावी लागतात. त्यासाठी दहावीची त्रिकोणमिती आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी अंतर

नागपूर ते मुंबई किती? रेल्वेने ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि तोही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच. विमानतळ ते विमानतळ मोजलं तर साधारण ६८३. तिन्ही आकडे खरे आहेत. विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सर्वांत आखूड रेघ. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्ताचा भाग म्हणतात.

मुंबईसारख्या जवळच्या ठिकाणी ही रेघ नकाशावरही सरळ दिसते. लांब गेलं की नकाशा फसवतो. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात नागपूरहून शिकागोला पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक ओलांडून जाते. शाळेत असतो तसा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो आणि जवळजवळ थेट उत्तरेकडे, दिल्लीच्या अंगावरून, मध्य आशिया ओलांडून ध्रुवाच्या बाजूने अमेरिकेत उतरतो. पार ८० अंश उत्तरेपर्यंत जाऊन येतो तो. सपाट नकाशा ध्रुवाजवळची जमीन ताणून मोठी दाखवतो, म्हणून तिथून जाणारी वाट उगाच लांब वाटते.

दोरा सुटू न देता त्याची लांबी मोजा. मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतात ते पाहा. एका अंशाला १११ किलोमीटर. वैमानिक सागरी मैलात मोजतात, त्यांच्या हिशोबात एका अंशाला ६० मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. या 'एका अंशाला किती' च्या मापात आपल्या भागाचाही वाटा आहे. मद्रासपासून १८०२ मध्ये भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्टन हे माप घेत घेत उत्तरेकडे सरकत होता. १८२३ मध्ये त्याने देह ठेवला तो आपल्या हिंगणघाटला, त्याची कबरही तिथेच आहे. वर्ध्याकडचे गिऱ्हाईक आले की हे मी सांगतेच, त्यांना तिकिटात सूट देता आली नाही तरी.

दोरा नको असेल तर आकडेमोड करा. फोनच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. सोनेगावचं आपलं विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. शिकागोचं ओ'हेअर ४१.९८ उत्तर, ८७.९० पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १६६.९५. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा.

कॅल्क्युलेटर आडवा धरा म्हणजे साइन-कॉसची बटणं दिसतील. तो अंशांवर आहे ना, रेडियनवर नाही ना, हे पाहून घ्या. आता दोन्ही अक्षांशांचे साइन गुणा: उत्तर ०.२४०७. दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांच्या फरकाचा कॉस असे तिन्ही गुणा: उत्तर उणे ०.६७५७. दोन्हींची बेरीज उणे ०.४३५०. तिचा उलटा कॉस (cos⁻¹ चं बटण) घेतला की ११५.७९ अंश येतात. त्याला १११.२ ने गुणा. सुमारे १२,८७५ किलोमीटर. झालं.

उत्तर बरोबर आलं का याची एक सोपी पारख आहे. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, तेव्हा कोणतीही दोन ठिकाणं २०,००० च्या पलीकडे असूच शकत नाहीत. जास्त आलं तर बटण चुकलं. नागपूरच्या अगदी पायाखाली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, प्रशांत महासागर आहे. तिथून सर्वांत जवळचं विमानतळ चिलीच्या ईस्टर बेटावरचं. म्हणजे आपल्यापासून जगातलं सर्वांत दूरचं विमानतळ तेच, सुमारे १८,९०० किलोमीटरवर. तिथलं तिकीट माझ्याकडे अजून कोणी मागितलेलं नाही.

ज्यांना साइन-कॉस म्हटलं की दहावीचा पेपर आठवतो त्यांनी कंप्युटरवर गूगलच्या नकाशात अंतर मोजायचा पर्याय वापरावा. तोही हीच गोलावरची रेघ मोजतो. पण एकदा हाताने करून पाहाच, मग तिकिटं विकणारी बाई काय दाखवते आहे ते तुम्हाला कळेल.

कुठून जावं: दिल्ली की दोहा

नागपूरहून शिकागोला थेट विमान नाही, म्हणून दोन तुकडे करायचे आणि बेरीज घ्यायची. दोहामार्गे: नागपूर-दोहा २,८४० आणि दोहा-शिकागो ११,४६०. एकूण १४,३००. दिल्लीमार्गे: नागपूर-दिल्ली ८५५ आणि दिल्ली-शिकागो १२,०२०. एकूण १२,८७५. म्हणजे थेट अंतराइतकंच! दिल्ली अगदी त्या दोऱ्याच्या वाटेवर बसते. दोह्याला गेलं की १,४०० किलोमीटरहून जास्त वळसा.

"मग दिल्लीच करून टाका ना म्यॅडम." थांबा जरा. हे गोलावरचं अंतर झालं, विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. दिल्लीच्या वर ती रेघ काश्मीर आणि काराकोरमवरून जाते. तिथल्या डोंगररांगांवरून प्रवासी विमानं लांबवर नेत नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला सुमारे १०,००० फुटांवर पटकन उतरावं लागतं आणि तिथे खाली डोंगरच २०,००० फुटांच्या वरचे. म्हणून वाट पश्चिमेला वळवून पाकिस्तानवरून नेत असत. ते आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होतं आणि २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. मग विमान गुजरात आणि अरबी समुद्राकडून फिरून जातं, तेल जास्त लागतं, आणि काही उड्डाणांना युरोपात तेल भरायला थांबावं लागलं. आखाती कंपन्यांना ही अडचण नाही. अमेरिकी कंपन्यांची वेगळीच तऱ्हा, त्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद.

तेव्हा दोऱ्यावर जिंकलेली दिल्ली घड्याळावर जिंकेलच असं नाही. आपण काढलेलं अंतर म्हणजे कमीत कमी. डोंगर, बंद आकाश, वारा आणि उतरण्याची रांग त्यात भरच घालतात, कमी कोणीच करत नाही. बुकिंगच्या आठवड्यात कोणतं आकाश बंद आहे ते विचारा आणि तिकिटावर मध्ये तेलाचा थांबा लिहिलाय का ते पाहा.

अंतरावरून वेळ

मोठी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतात. पण अंतराला ९०० ने भागून तिकिटावरचा वेळ येत नाही. तिकिटावरचा वेळ विमान फाटकावरून ढकलून मागे घेतल्यापासून सुरू होतो आणि पलीकडच्या फाटकाला लागल्यावर संपतो. मधे धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं, वरून दोन घिरट्या, पुन्हा रांगणं. शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपनी पाच-दहा मिनिटं पदरची टाकून ठेवते. म्हणूनच कधी कधी विमान 'वेळेआधी' पोहोचतं आणि सगळे खूश होतात.

माझा काउंटरवरचा आडाखा असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. मुंबई: ६८३ भागिले ८५० म्हणजे ४८ मिनिटं, अधिक ४०, झाला दीड तास. दिल्ली: तासभर अधिक ४०, पावणेदोन धरा. जवळच्या उड्डाणात ही ४० मिनिटं जवळजवळ निम्मा वेळ खातात. लांबच्या उड्डाणात ती कळतही नाहीत.

लांबच्या उड्डाणात खरा खेळ वाऱ्याचा. ज्या उंचीवर विमानं उडतात, साधारण ३० ते ४० हजार फुटांवर, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जोर धरतात आणि ताशी २०० किलोमीटरच्या वरही जातात. म्हणून पश्चिमेला, म्हणजे जाताना, मी ८२० ने भागते, आणि पूर्वेला, येताना, ९२० ने. दोहा-शिकागो ११,४६० भागिले ८२० म्हणजे जवळजवळ चौदा तास, अधिक ४० मिनिटं. परतीचं त्याच अंतराला ९२० ने भागून साडेबारा, अधिक ४० मिनिटं, तेरा तासांच्या थोडं वर. एकाच वाटेवर दीड तासाचा फरक.

यावर हमखास कोणीतरी म्हणतं, पृथ्वी फिरते ना म्हणून. पृथ्वी फिरते तशी तिच्यासोबत हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. तसं नसतं तर हेलिकॉप्टर सोनेगावला उडवून हवेत नुसतं उभं केलं असतं आणि मुंबई खालून आपसूक आली असती.

वाऱ्याचं सर्वांत नामी उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाने २०१६ मध्ये हे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झाली, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. पण वारा पाठीशी असल्याने वेळ जवळजवळ दोन तास कमी लागला. अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, हे इथे उलटं झालं. म्हणून दोन मार्गांची तुलना करताना किलोमीटर पाहून ठरवू नका, दिशाही पाहा.

वेग कमी असताना अंतराचं गणित किती चोख करावं लागे याचा नमुना नागपुरातच आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून डाकोटा विमानं मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल व्हायच्या आणि पहाटेआधी परत फिरायची. वरच्या सूत्राने चारही अंतरं काढून पाहा: मुंबई ६८३, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. ताशी ३०० च्या आतबाहेर चालणारं विमान तीन-साडेतीन तासांत कुठूनही इथे पोहोचतं. भारताचा मध्य म्हणून आपण छाती फुगवतो, त्याचा रोकडा उपयोग त्या टपालवाल्यांनी केला.

घड्याळाची भानगड

आता काकांच्या तिकिटाकडे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. त्यामुळे निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ सरळ वजा करायची नाही. काही लोक ग्रीनिचच्या वेळेत आणून हिशोब करतात. मी सगळं नागपूरच्या घड्याळात आणते, कारण गिऱ्हाइकाच्या मनगटावर तेच असतं.

दोहा आपल्या अडीच तास मागे. तिथले पावणेसहा म्हणजे आपले सव्वाआठ. पहाटे ४ ते सव्वाआठ, सव्वाचार तास. आडाख्याने काढलं तर २,८४० भागिले ८२० अधिक ४० मिनिटं, चार तास आणि थोडं वर. जुळलं.

दोह्याचे सकाळचे ८ म्हणजे आपले साडेदहा. शिकागो उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणून तिथले दुपारचे अडीच म्हणजे आपल्याकडे रात्रीचा १. साडेदहा ते रात्री १, साडेचौदा तास. काकांनी साडेसहा मोजले होते. मधला दोह्याचा मुक्काम सव्वादोन तासांचा. पहाटे ४ पासून रात्री १ पर्यंत, एकूण २१ तास.

अमेरिकेत घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे. म्हणून हिवाळ्यात शिकागो साडेअकरा तास मागे असतं. दोहा आणि आपण वर्षभर आहोत तिथेच. ऑक्टोबरातल्या दिवाळीला जाऊन संक्रांतीला परतणाऱ्यांनी जाण्याचा आणि येण्याचा फरक वेगळा धरावा.

परतीला तारीख बदलते, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. समजा उन्हाळ्यात शिकागोहून सोमवारी संध्याकाळी ७ ला विमान. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची पहाट, साडेपाच. तेरा तासांनी मंगळवारी संध्याकाळी साडेसहा, म्हणजे दोह्यात दुपारचे ४. तिथे साडेचार तास बसायचं. रात्री ११ आपल्या घड्याळाने, दोह्याहून विमान. पावणेचार तास लागले की नागपुरात बुधवारी, पहाटे पावणेतीन. आता यवतमाळच्या जावयाला 'बुधवारी रात्री घ्यायला या' असं सांगितलं की तो बुधवारी रात्री जेवून निघतो आणि सासू-सासरे जवळजवळ अख्खा दिवस आधीच विमानतळावर उतरलेले असतात. फोनवर सांगताना 'मंगळवारी रात्री जेवून निघा, बुधवार उजाडायच्या आत पोहोचतो' असंच सांगा. तिकिटावर वेळेच्या बाजूला बारीक अक्षरात '+१' असेल तर ती तारीख पेनाने गोल करून ठेवा.

घरापासून घरापर्यंत

बाकीचं पटकन सांगते. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचा. पहाटे ४ चं विमान असेल तर रात्री १ ला सोनेगावला. त्या वेळी मेट्रो नसते, टॅक्सी आधी ठरवा. अमरावतीहून येणाऱ्यांनी दीडशे किलोमीटर आणि तीन तास धरावेत. शिकागोला उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत आणि सामानाच्या पट्ट्यावर मिळून दीड ते दोन तास सहज जातात, मग पोरीच्या घरापर्यंतची गाडी. २१ तासांचा प्रवास अमरावतीच्या उंबरठ्यापासून मोजला तर तीसच्या घरात जातो. वयस्क माणसांच्या गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना विचाराल तेव्हा हा आकडा सांगा, तिकिटावरचा नाही.

दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत का ते बघा. वेगवेगळी काढली असतील तर दिल्लीत सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान टर्मिनल १ ला, दुसरं टर्मिनल ३ ला असेल तर रस्त्याने काही किलोमीटर जावं लागतं. अशा वेळी मधे चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. एकाच पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं जोडणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात वेळा पुन्हा तपासा. आकाश बंद झालं, वाऱ्याचा हंगाम बदलला, अमेरिकेचं घड्याळ सरकलं, यातल्या कशानेही कंपनी वेळ अर्धा-पाऊण तास हलवते, आणि दोह्याच्या सव्वादोन तासांत तेवढं हललं तर तिकीट बदलून मागायचा हक्क आहे का हे त्याच दिवशी विचारून घ्या.